आत कोन हाय?

मी कापडगिरणीत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, तिथला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नत्थूजी निमजेंनी मुंबईहून आलेल्या एका इंजिनिअरच्या कानाखाली वाजवली. आवाज एवढा मोठा झाला की मला वाटलं, काहीतरी फुटलं. इंजिनिअरचा चष्मा उडून टेबलाखाली गेला. तो वाकून चष्मा शोधत होता आणि नत्थूजी त्याच्या डोक्याशी उभे राहून विचारत होते, "थांबली होती का? फिरून राह्यली होती ना? मंग काहून हात लावला बे?"

फिरत होती ती डिस्क. आमच्या कॉम्प्युटर विभागात एक कपाटाएवढं यंत्र होतं आणि त्याच्या शेजारी कपडे धुण्याच्या मशीनसारखी दोन पेटाडं, एक यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांचं, एक कामगारांच्या हजेरीचं. प्रत्येक पेटाडात एक डिस्क पॅक बसायचा: एकावर एक रचलेल्या तपकिरी तबकड्या, वरून मूठ असलेलं प्लॅस्टिकचं झाकण, दिसायला पोळ्यांच्या डब्यासारखा. तबकड्या गरगर फिरायच्या आणि त्यांच्यावर केसाएवढ्या अंतरावरून वाचणारी सुई तरंगायची. बटण बंद केलं तरी पूर्ण थांबायला मिनिटाच्या वर जायचं, आणि तोवर पेटाडाचं कुलूप उघडायचं नाही. इंजिनिअरला दुपारचं विमान गाठायचं होतं. त्यानं ते कुलूप स्क्रूड्रायव्हरनं आधीच सरकवलं. सुई तबकडीवर घासली, खर्र असा आवाज आला, आणि त्यानंतर दुसरा आवाज नत्थूजींच्या हाताचा.

त्या डिस्कवरची तीन दिवसांची हजेरी पुसली गेली. आमचे मुख्य देशकरसाहेब यांनी नत्थूजींना माफी मागायला लावली.

"माफी मांगतो," नत्थूजी म्हणाले. "पन त्यानं पुन्हा हात लावला तर पुन्हा मारीन. ते आजच सांगून ठेवतो, मंग म्हनसान सांगतलं नाही."

तो इंजिनिअर पुन्हा आला नाही. त्याच्या जागी जो आला तो आमच्या खोलीत कायम हात मागे बांधून वावरायचा.

नत्थूजी बुटके होते. मनगटं मात्र रुंद, विणकर कोष्ट्याची. डाव्या भुवईतून एक पांढरा वण गेला होता. खिशाला एक बारीक ब्रश लावलेला असायचा, मऊ केसांचा. डिस्कला हात लावण्याआधी ते तीनदा हात धुवायचे आणि पँटला पुसायचे नाहीत, हवेत धरून वाळवायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. युनिक्स येत होतं. युनिक्स म्हणजे यंत्र जिच्यावर चालायचं ती प्रणाली; तिच्या आज्ञा त्यांनी आवाजावरून आणि बोटांवरून पाठ केल्या होत्या, आणि त्यात त्यांची चूक झालेली मी पाहिली नाही. मी मात्र कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्या आज्ञांचा इंग्रजी अर्थ कळणारी, आठवड्यातून दोनदा तरी चुकायचे.

मी बावीस वर्षांची होते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा बंद व्हायचा. हे इथेच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

युनिक्समध्ये डिस्क नुसती बसवून भागत नाही. ती आधी यंत्राला जोडावी लागते आणि काढण्यापूर्वी यंत्रातून सोडवावी लागते. जोवर कुणाचीही फाइल त्या डिस्कवर उघडी आहे तोवर यंत्र ती सोडत नाही. पडद्यावर एकच शब्द येतो, 'बिझी'. मला हे पुस्तकातून समजायला दोन दिवस लागले असते. नत्थूजींनी एका वाक्यात समजावलं.

"घर हाय ते. आत मानूस असताना बाहेरून कुलूप लावतेत का?"

म्हणून डिस्क काढायच्या आधी ते खोलीच्या मधोमध उभे राहायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि हाळी द्यायचे, "आत कोन हाय?" आम्ही पाच जण पाच पडद्यांसमोर बसलेले. प्रत्येकानं आपली फाइल मिटवून मोठ्यानं म्हणायचं, "बाहेर!" पाचही 'बाहेर' आले की नत्थूजी 'सिंक' ही आज्ञा तीनदा द्यायचे, म्हणजे यंत्राच्या डोक्यात जे काही असेल ते डिस्कवर उतरायचं. तीनदा कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पह्यल्यांदा मशीन आयकते, दुसऱ्यांदा समजते, तिसऱ्यांदा करते. तुमच्यापेक्षा हुशार हाय. तुमाले पाचदा सांगा लागते."

मला 'बाहेर' म्हणता येत नसे. पहिले काही दिवस माझे ओठ हलायचे आणि आवाज माझ्याच कॉलरपर्यंत पोचायचा. नत्थूजी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे.

"तोंडात गुळनी धरली का वं बाई?"

सगळे हसायचे. एक दिवस ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, टेबलावर दोनदा आपटली आणि परत ठेवली. "असे दोन ठोके मार. मी समजून घेईन."

तेव्हापासून चार 'बाहेर' आणि माझे दोन ठोके असा आमचा क्रम ठरला. बाकीच्यांनी 'बाहेर' म्हटलं तरी नत्थूजी त्यांच्या मागून फिरून पडदे तपासून यायचे. माझा पडदा त्यांनी कधी तपासला नाही.

भुवईवरचा वण बापाचा होता. हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, डबा खाताना. त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा तिखटजाळ सावजी रस्सा असायचा आणि तो पाहूनच माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

"घरी खड्ड्याचा हातमाग होता. मी नऊ वर्साचा. गल्लीत कोनाची तरी मारामारी लागली, मी ताना, म्हंजे मागाचं उभं सूत, तसाच मोकळा सोडून पळालो पाहाले. वापस आलो त बकरीनं अर्धा ताना ओढून नेला होता. बापानं मागाचा लाकडी धोटा फेकून मारला. हे इथं." त्यांनी भुवईला बोट लावलं. "आन् वरून सांगतलं, का बांधल्याबिगर उठाचं नाही. पोटात मुरडा आला तरी नाही. मी आजपर्यंत उठलो नाही."

"दुखलं असेल," मी म्हणाले. एवढं माझ्या तोंडून निघालं याचंच मला नवल.

"बकरीले जास्त लागलं," ते म्हणाले. "तिले त कापलंच."

माग सुटला आणि पुढे बरीच वर्षं त्यांनी लग्नाकार्यात भोंगे आणि रेकॉर्डी भाड्यानं देण्याचा धंदा केला. डिस्क त्यांना तिथेच समजली, असं ते म्हणायचे. तबकडी फिरते, सुई तिच्यावर चालते, आणि सुई उचलल्याशिवाय तबकडीला हात लावायचा नाही. गिरणीत ते वायरमन म्हणून लागले, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर काम करायला कुणी तयार होईना, कारण सगळ्यांना शॉकची भीती. नत्थूजींनी पेटाडाच्या काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, हे त मले येते.

कळमेश्वरच्या एका लग्नातली गोष्ट ते अधूनमधून सांगायचे. वरपक्षातला एक पिऊन आलेला माणूस 'हेच गानं पुन्हा लाव' म्हणत आला आणि वाजत्या रेकॉर्डवरची सुई त्यानं पंजानं मागे ओढली. नत्थूजींनी त्याच्या तोंडावर भोंगा मारला. पत्र्याचा होता, त्याचे दोन दात मांडवात पडले. मग सगळी वरात नत्थूजींवर तुटून पडली. ते रेकॉर्डींच्या पेटीवर पालथे पडले, दोन्ही हातांनी पेटीच्या कडा धरल्या आणि पाठ वर करून मार खाल्ला.

"चाळीस रेकॉर्डी होत्या. एकच फुटली," ते अभिमानानं सांगायचे. "बरगड्या दोन."

मला त्यांचं मारणं आवडत नव्हतं असं लिहिणं सोपं आहे. मला त्यांची भीती वाटायची, आणि तरीही त्या खोलीत इतर कुणापेक्षा त्यांच्याजवळ बसणं मला बरं वाटायचं. बाकीची माणसं कशावरून चिडतील याचा नेम नसे. नत्थूजी कशावर हात उचलतील हे पक्कं माहीत होतं. ते घरी बायकोवर हात उचलायचे का, हे मला ठाऊक नाही. विचारण्याचं धाडस नव्हतं, आणि उत्तर ऐकायचं नव्हतं, हेही खरं.

त्यांचा धाकटा भाऊ श्रावण आमच्याच गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्या दिवसापुरता घ्यायचा. रोज सकाळी हे लोक फाटकाशी उभे राहायचे, नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर माणसाला काही हक्क मिळे, एकही कमी पडला तर काही नाही. हे सगळे दिवस आधी हजेरीबुकांत लिहिले जायचे आणि मग आम्ही ते यंत्रात भरायचो, त्या डिस्कवर.

आमची खोली गिरणीतली एकमेव थंड खोली होती. विणकाम खात्यात धागा तुटू नये म्हणून मुद्दाम दमट वाफ सोडलेली असायची, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या वाफेत माणसं उघड्या अंगानं काम करायची. जाता येता कामगार आमच्या दारापाशी थबकायचे, फटीतून येणारा गारवा घ्यायचे.

एकदा श्रावण सरळ आतच आला. अंगावर कापसाची लव, तोंडात पेटलेली बिडी.

"मशीनले थंडी अन् मानसाले वाफ," तो म्हणाला. "दादा, तुह्या मशीनचा मी भाऊ असतो त बरं झालं असतं गा." आणि तो पेटाडावर टेकला. डिस्क फिरत होती. बिडीची राख झाकणावर पडली.

नत्थूजींनी कूलरचा रबरी पाइप उचलला आणि सख्ख्या भावाला आमच्या सगळ्यांसमोर मारत मारत दाराबाहेर नेलं. पाठीवर, दंडावर, एकदा तोंडावर. विणकाम खात्यातली माणसं बाहेर येऊन बघत होती. श्रावणनं एकदाही उलट हात उचलला नाही. जिन्याच्या पायरीवर उभं राहून त्यानं ओठाचं रक्त पुसलं.

"एका मशीनपाई," तो म्हणाला. "ध्यानात ठेव दादा."

नत्थूजी परत आले, तीनदा हात धुतले, हवेत वाळवले आणि ब्रशनं झाकणावरची राख झाडली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

गिरणीचा काही भाग बंद होणार अशी बोलवा त्या उन्हाळ्यात सुरू झाली. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, याची यादी तयार आहे असं लोक म्हणत होते. यादी वगैरे काही नव्हती. होती ती नुसती हजेरी. पण फाटकाशी रोज तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसांना हे कोण सांगणार, आणि त्यांनी का ऐकावं?

एका सकाळी त्यांनी फाटकाजवळची हजेरीची कचेरी फोडली. काढायच्या माणसांची नावं त्या बुकांत आहेत असं कुणीतरी ओरडलं. सगळी हजेरीबुकं अंगणात आणून पेटवली. आमच्या खिडकीतून धूर दिसत होता आणि उडणारे काळे कागद. मी पडद्यासमोर बसून गेल्या पंधरा दिवसांची हजेरी भरत होते, आणि ज्या बुकांवरून ती उतरवून आणली होती तीच बुकं खाली जळत होती.

नत्थूजी खिडकीशी उभे होते. "पाह्य," ते म्हणाले. "आपलेच दिवस जाळून राह्यले, हरामखोर."

डिस्कची प्रत टेपवर घ्यायची पद्धत होती, पण टेपचं यंत्र दोन महिन्यांपासून बिघडलेलं. म्हणजे आता या सगळ्या माणसांच्या कामाचा जगात एकच पुरावा उरला होता, आणि तो त्या पेटाडात गरगर फिरत होता.

मग खालून आवाज आला, "थंड्या खोलीत चला! खरी यादी तिथं हाय!"

देशकरसाहेब मागच्या जिन्यानं गेले. जाताना "सगळे निघा" असं म्हणाले. सगळे निघाले. माझे पाय निघाले नाहीत. मी खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेले आणि गुडघे छातीशी धरून बसले. माझ्या मुठीत पेन्सिल तशीच होती. डोक्यावर, टेबलावर, माझी फाइल उघडी होती.

नत्थूजींनी दाराला कडी घातली, कागदांचं कपाट ढकलून दाराला लावलं. मग ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि रोजच्यासारखी हाळी दिली.

"आत कोन हाय?"

बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या. माझा हात हलला. मी टेबलाच्या पायावर पेन्सिलीचे दोन ठोके मारले.

का मारले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या प्रश्नाला माझ्या हाताजवळ ते एकच उत्तर होतं. फाइल मिटवलेली नाही, हे त्या क्षणी मला आठवतही नव्हतं.

नत्थूजींनी तीनदा 'सिंक' दिला. डिस्क सोडायची आज्ञा दिली. मी खालून त्यांचा पडदा पाहू शकत होते. बिझी. त्यांनी पुन्हा दिली. बिझी. दारावर काहीतरी जड आदळायला लागलं, कपाट इंच इंच सरकू लागलं. तिसऱ्यांदाही बिझी. तेव्हा त्यांनी मान वळवली. आधी माझ्या उजळलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाखालून बाहेर आलेल्या माझ्या ओढणीच्या टोकाकडे.

ते ओरडले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "ऊठ वं. मिटव ते."

दार पडलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. पंधरा-वीस माणसं असतील. सळया, मागाची लाकडी दांडकी. नत्थूजी पेटाडाला पाठ लावून उभे राहिले. पहिला आत आला त्याच्या नाकावर त्यांनी डोकं मारलं, तो मागच्यांवर पडला. दुसऱ्याच्या मनगटाला पकडून पिळलं, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकानं शेजारच्या टेबलावरचा पडदा उचलून भिंतीवर फेकला, काच सगळीकडे उडाली. मी टेबलाखालून निघून उभी राहिले. कुणाचा तरी कोपर माझ्या खांद्यावर बसला.

"पोरीले हात नका लावू!" कुणीतरी ओरडलं. "मशीन फोडा!"

श्रावण पुढे आला. हातात मागाचं दांडकं.

"दादा, सरक."

"तुहे दिवस हायेत बे याच्यात!"

"आमचे नावं हायेत कापाचे!"

"कागद तुमीच जाळले, गधेहो! तुमी इथं काम करत होते हे आता कोन सांगीन? तुहा बाप?"

"बापाचं नाव नको घेऊ," श्रावण म्हणाला आणि त्यानं दांडकं फिरवलं. ते नत्थूजींच्या डाव्या कानावर बसलं. ओला, बद्द असा आवाज झाला. कानातून रक्त मानेवर आलं. नत्थूजी गुडघ्यावर बसले आणि मग सगळे त्यांना मारू लागले.

मी माझ्या पडद्याकडे वळले. फाइल जपून मिटवायला चार कळा दाबायच्या असतात आणि मी पहिल्यांदा चुकीच्या दाबल्या. पडद्यावर निरर्थक अक्षरं उमटली. मी ती खोडली. पुन्हा दाबल्या. फाइल मिटली.

आता 'बाहेर' म्हणायचं होतं. नत्थूजी माणसांच्या पायांखाली होते, पेन्सिल कुठे पडली माहीत नाही, आणि माझ्या घशातून काहीही येत नव्हतं. मी चार पावलं चालून त्यांच्या पडद्यापाशी गेले आणि डिस्क सोडायची त्यांची आज्ञा मीच दिली. काही उमटलं नाही. काम झालं की युनिक्स काही बोलत नाही, नुसतं पुढच्या आज्ञेची वाट पाहतं. मी पेटाडाचं बटण बंद केलं.

डिस्कचा आवाज उतरू लागला. वरच्या पट्टीतून खाली, हळूहळू. नत्थूजींना तो ऐकू गेला. कसा, कोण जाणे. ते पायांच्या गर्दीतून सरपटत आले, पेटाडाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि त्याच्यावर पालथे पडले. लोक त्यांच्या पाठीवर मारत होते. कुणीतरी सळईनं मारत होता. ते हलले नाहीत. ते डिस्क थांबायची वाट पाहत होते. तशा अवस्थेतही त्यांनी कुलूप आधी सरकवलं नाही.

टक्‌ झालं. कुलूप सुटलं.

तेवढ्यात अंगणात पोलिसांच्या गाड्यांचे आवाज आले. माणसं पळाली. श्रावण तिथेच उभा होता, दांडक्याच्या टोकाला रक्त. नत्थूजींनी पेटाड उघडलं, पॅकवर झाकण बसवलं, मूठ फिरवली, पॅक उचलला आणि पोटाशी धरून जमिनीवर बसले. झाकणावर त्यांचं रक्त गळत होतं. ते बाहीनं पुसत होते.

"दोनशे एक्केचाळीस," ते श्रावणला म्हणाले. "तुहे दिवस. मी रोज पाहत होतो."

श्रावण खाली बसला. दांडकं त्याच्या हातातून सुटून गडगडत माझ्या पायाशी आलं.

डिस्क दुसऱ्या शहरातल्या तशाच यंत्रावर चढवली गेली आणि सगळं निघालं, त्या पंधरा दिवसांसकट. ज्यांचे दिवस भरले होते त्यांचे भरलेले निघाले. नत्थूजींचा डावा कान पूर्ण गेला होता, उजव्यात थोडंसं उरलं होतं. ते इस्पितळातून आल्यावर चौकशी झाली. मी टिपणं घ्यायला त्याच खोलीत बसले होते. दांडकं कुणी मारलं हे ना त्यांनी सांगितलं, ना मी. देशकरसाहेबांनी कागदावर प्रश्न लिहून त्यांच्यासमोर सरकवला: पहिली आज्ञा दिल्यापासून डिस्क सुटेपर्यंत चार मिनिटं गेली, असं यंत्राच्या नोंदीत दिसतं. का?

नत्थूजींनी तो दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मशीन अटकली होती," ते नको इतक्या मोठ्यानं म्हणाले. "होते कधी कधी."

मी ते लिहून घेतलं.

आमचा विभाग बंद झाला, नत्थूजींनी नोकरी सोडली. सातआठ महिन्यांनी मला पुण्याला नोकरी लागली. जायच्या आधी मी सक्करदऱ्याच्या माझ्या घरून रिक्षा करून तांडापेठेत, नत्थूजींच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. गल्लीत अजून दोनचार घरांतून मागांची खटखट येत होती. दार श्रावणनं उघडलं. तो कायम झाला होता, दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता. मला ओळखून त्यानं नजर खाली घातली आणि आत हाक मारली, आधी जोरात, मग आणखी जोरात.

नत्थूजी जमिनीवर बसले होते. समोर जुना रेकॉर्डप्लेअर, तबकडी फिरत होती, गाणं मला ऐकू येत होतं. त्यांनी पेटीच्या लाकडावर तळवा सपाट ठेवला होता.

"ये वं बाई," ते म्हणाले. "बस. थोडंसं येते हाताले. ढोलकी येते. बाकी नाही येत."

चहा आला. मी बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखा घसा बंद झाला. शेजारी पत्र्याची पेटी होती. मी तिच्यावर बोटाच्या पेरानं दोन ठोके मारले. श्रावणनं वळून पाहिलं. नत्थूजींना कळलंच नाही.

मग मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकले.

"नत्थूजी, मी आत होते."

"जोरानं बोल. गुळनी धरली का?"

"त्या दिवशी मी आत होते!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. समोरच्या घरातला माग थांबला. "ठोके मारले तेव्हा फाइल उघडी होती! माझ्यामुळे मार बसला तुम्हाला!"

श्रावणचा हात चहाच्या कपावर थांबला. नत्थूजी माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"मालूम हाय," ते म्हणाले. "मले तवाच समजलं. मशीन कायले खोटं बोलीन?"

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"आता निघाली का?"

"हो."

"तसं नाही. बराबर सांग."

"बाहेर!" मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले. "मंग काही नाही."

मी निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा गाणं संपलं होतं. नत्थूजींनी सुई उचलून बाजूला ठेवली होती आणि तबकडी अजून हळूहळू फिरत होती. श्रावणला कामावर जायची घाई होती. रेकॉर्ड आवरून ठेवावी म्हणून त्यानं हात पुढे केला. नत्थूजींनी तबकडीवरची नजर न हलवता त्याच्या मनगटावर फाडकन मारली.

श्रावणनं हात मागे घेतला. आणि दोघं भाऊ ती थांबायची वाट पाहत बसले.